जाऊन राहिल्या

२ एप्रिल, बुधवार

औंढा नागनाथला पोचलो. नाशिकहून परभणीपर्यंत आगगाडी, पुढे एसटी, आणि तीही शेवटच्या बाकावर. कमरेचे काय म्हणणे आहे ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखे नाही.

स्टँडवर उतरून प्रियंकाला फोन लावला. म्हणाली, "बाबा, फकीरभाई जीप घेऊन येऊन राहिलेत. तिथंच थांबा." येऊन राहिलेत. म्हणजे माणूस आला आहे आणि येऊन राहिला आहे. मी अख्खा स्टँड पालथा घातला. रसवंतीवाल्याला विचारले, वाहतूक नियंत्रकाला विचारले. शेवटी बाकावर आडव्या झालेल्या एका गृहस्थांना हलवून विचारले, "तुम्ही फकीर का?" ते उठून बसले आणि म्हणाले, "काहून? कपडे फाटके दिसून राहिले का माझे?"

पाऊण तासाने पांढरी जीप आली. त्यातून चाळिशीचा एक माणूस हसत उतरला. "काका, मी येऊनच राहिलो व्हतो न!"

घरी गेल्यावर प्रियंकाने समजावले की इकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘येतो आहे’. मी छत्तीस वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासली. चूक ती चूक. चार जिल्ह्यांनी मिळून केली म्हणून ती बरोबर ठरत नाही. वाईट याचे वाटले की माझी स्वतःची मुलगीही तसेच बोलायला लागली आहे, आणि तिला ते कळतही नाही.

ती इथे जनावरांची डॉक्टर आहे. चार वर्षे झाली. देवळामागच्या गल्लीत मदीनाबी म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. फकीर हा मदीनाबींचा धाकटा भाऊ. प्रियंकाची आई सुनिता जाऊन दोन वर्षे झाली; मी नाशिकला आणि मुलगी इथे, याला काही अर्थ नाही. नाशिक जिल्ह्यात एक जागा रिकामी होते आहे. विनंती बदलीचा अर्ज दहा तारखेपर्यंत द्यायचा आहे. अर्ज मी स्वतः टाइप करून आणला आहे, एकही चूक नाही. फक्त तिची सही हवी.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी चहाबरोबर अर्ज पुढे केला. तिने फाइल न उघडताच उशीखाली ठेवली. "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा इकडे आलात. आधी औंढं तर बघा. बघून झालं की बोलू." आणि मोटारसायकलला किक मारून गेली. कुणाची तरी म्हैस अडली होती. म्हशीसाठी वेळ आहे.

फकीर मला देऊळ दाखवायला घेऊन गेला. देऊळ खरोखर चांगले आहे. काळ्या दगडाच्या भिंती खालपासून कोरलेल्या, हत्ती, बायका, वादक, आणि त्यातल्या निम्म्यांची नाके गायब. बघत बसायला अर्धा दिवस हवा. पण फकीर मला कसा बघू देईल? दर पाच पावलांवर कोणीतरी भेटणार आणि हा सांगणार, "डॉक्टरमॅडमचे वडील हायत." मग तो माणूस आपल्या गाईची तक्रार मला सांगणार. एकाने तर वासराच्या शेणाच्या रंगाचे विचारपूर्वक वर्णन केले. मी मराठीचा माणूस आहे, मी काय करू?

गाभारा जमिनीखाली आहे. वाट एवढी अरुंद की माणूस बसत, सरकत, जवळजवळ रांगत उतरतो. उतरलो. वर आल्यावर कळले की चष्मा खालीच राहिला. पुन्हा उतरलो. घाम अंगातून धो धो वाहत होता.

बाहेर पायऱ्यांवर फकीरने नामदेवांची गोष्ट सांगितली. महाराजांना कीर्तनाला देवळाच्या मागे बसायला लावले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. "एका मानसापाई अख्खं देऊळ फिरलं बघा, काका." मी म्हटले, "आणि आमचं एक लेकरू बापासाठी फिरत नाही." फकीरने शेंगदाणे पुढे केले.

४ एप्रिल, शुक्रवार

आज मला ‘कुरुंदा बघायला’ नेले. कुरुंद्यात काय बघायचे? हळद. फकीरच्या साडूची हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती, ती मी बघितली. नुसती बघून भागले नाही, साडूने तिच्यातून चालत नेऊन जाती समजावून दिल्या. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत पिवळा झाला. मदीनाबी म्हणाल्या, "भाऊ, नवरदेव बनून आले!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावे लागले. ईदचा शिरखुर्मा अजून उरलेला होता. दोन वाट्या घ्याव्याच लागल्या.

दिवसभर बोलून घसा बसला आहे. नाशिकला आठवड्यात बोलतो त्याहून जास्त इथे एका सकाळी बोलावे लागते. ही माणसे एखाद्याला गप्प बसू देत नाहीत. झोप मात्र बरी लागते आहे, हवा कोरडी असल्यामुळे असेल.

अर्ज उशीखालीच. विचारले. म्हणाली, "अजून धरण राहिलंय."

५ एप्रिल, शनिवार

सिद्धेश्वर धरण. पाणी होते, ऊन होते, सावली नव्हती. भिंतीकडे जायचा रस्ता बंद होता, म्हणून फकीरने टेकडी चढायला लावली. वरून दृश्य चांगले दिसले हे मान्य करतो.

परत येताना डोंगराच्या वळणावर मेंढरांनी रस्ता अडवला. दोनेकशे तरी असतील. फकीर हॉर्न वाजवायच्या ऐवजी जीप बंद करून खाली उतरला आणि मेंढपाळाबरोबर तंबाखू मळत उभा राहिला. त्याचे नाव भुजंग. पलीकडच्या वाडीत तो आणि त्याची बायको सत्यभामाबाई राहतात. डोंगरातले सगळे मेंढपाळ त्यांच्या शब्दावर चालतात, असे फकीर म्हणाला. सोमवारी तिथे प्रियंकाचे लसीकरणाचे शिबिर आहे.

भुजंगने मला नमस्कार करून विचारले, "पाव्हणे, डाक्टरीनबाई नाशकाला जाऊन राहिल्या म्हणं?"

चार दिवस हे ऐकून माझे डोके पिकले होते. मी जीपमधून उतरलो आणि म्हटले, "जाऊन राहिल्या, असं म्हणू नये. त्याचा अर्थ वेगळा होतो."

"काय व्हतो?"

"जाऊन राहिल्या म्हणजे तिकडे गेल्या आणि तिकडेच राहिल्या. समजलं?"

भुजंगचे तंबाखू मळणे थांबले. "तिकडंच?"

"तिकडेच."

इथे मी खरे लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. त्याला अर्थ वेगळा लागतो आहे हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले होते. एक वाक्य बोलून मी ते सावरू शकलो असतो. पण दहा तारखेनंतर तसेच तर होणार आहे, मग सावरायचे कशाला, असे वाटले. ‘तिकडेच’ हा शब्द ऐकायला बरा वाटला. मेंढरे गेली, आम्ही निघालो.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. प्रियंका घरी असेल असे वाटले होते. सकाळपासून लसीच्या पेट्या, बर्फ, सुया मोजत बसली. मी म्हटले, अर्ज. ती म्हणाली, "उद्याचं शिबिर होऊ द्या हो बाबा. वर्षभर त्यांच्या मागं लागून राहिले मी." मी ‘मागे लागले आहे’ अशी दुरुस्ती केली. तिने ऐकले नाही.

७ एप्रिल, सोमवार

आज जे झाले ते लिहायचे की नाही, याचा दुपारभर विचार केला.

शिबिर बघायला मीही गेलो होतो. वाडीबाहेर चिंचेखाली टेबल मांडले, बर्फाच्या पेट्या ठेवल्या. चारशे मेंढ्या येणार होत्या. अकरा वाजेपर्यंत एकोणीस जनावरे आली. त्यातल्या आठ मदीनाबींच्या बकऱ्या, त्या फकीरने औंढ्याहून जीपमध्ये भरून आणलेल्या. बाकी वाडी शांत. वाड्यात मेंढरे कोंडलेली ऐकू येत होती, पण कोणी दार उघडेना.

प्रियंका घरोघर जाऊन आली. बर्फ वितळत चालला होता. परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता की कशाने, ते मला कळले नाही.

"बाबा, भुजंगमामांना तुम्ही काय सांगितलंत?"

"मी त्यांचं व्याकरण दुरुस्त केलं."

मग तिने सांगितले. ओरडली असती तर बरे झाले असते. ही माणसे लसीला घाबरतात. पूर्वी कधी सुई दिल्यावर काही मेंढ्या तापाने बसल्या, गाभण्या गाभडल्या, आणि त्यानंतर विचारायला कोणी आले नाही. वर्षभर समजावल्यावर ही माणसे तयार झाली ती एकाच अटीवर. सुई देणारी बाई इथेच पाहिजे. मेंढरू बसले तर फोन केल्याबरोबर आली पाहिजे. प्रियंकाने तसा शब्द दिला होता. आता वाडी म्हणते, बाई नाशिकला कायमच्या चालल्या, खुद्द बापाने सांगितले. सुई देऊन जातील, मागे मेंढरे मेली तर कोणाच्या नावाने रडायचे?

"पण ते तर म्हणाले की तू नाशिकला..."

"मे महिन्यात जाऊन राहिले मी! चार दिवस! तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. रजा मागितली म्हणून सगळ्यांना माहीत आहे." आणि मग हळू आवाजात, "तुम्ही मला कळवलं नाहीत. शेजारच्या काकूंनी कळवलं."

येताना जीपमध्ये बकऱ्या माझ्या धोतराला, म्हणजे पायजम्याला, सगळ्या रस्ताभर चावत होत्या. मला धोतर आणि पायजमा यांतला फरक लिहिता येईना, इतके माझे चित्त ठिकाणावर नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला आहे.

८ एप्रिल, मंगळवार

मला कोणी जा म्हटले नव्हते. प्रियंका पहाटेच दुसऱ्या गावाला गेली. मी फकीरला म्हटले, वाडीवर चल. तो म्हणाला, "काका, राहू द्या. तुमी अजून कायतरी दुरुस्त करसाल." तरी त्याने जीप काढली.

भुजंग ओट्यावर बसला होता. माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली. बोलल्या त्या सत्यभामाबाई. सहा फुटांची बाई, हातात कातर, पुढ्यात अर्धी कातरलेली मेंढी. कातरणे त्यांनी थांबवले नाही.

मी म्हटले, "माझी चूक झाली. प्रियंका कुठंही जात नाही. ती इथंच राहणार आहे."

"राहनार हाय," त्या मेंढीला म्हणाल्या. "ऐकलं का? राहनार हाय म्हणं. आजवर जो आला तो राहनारच व्हता."

"तसं नाही. ती नक्की राहील."

"राहील. म्हंजी न्हाई बी राहायची."

मी काळ बदलला. "राहत आहे. ती इथे राहत आहे."

"ते ठावं हाय आमाला. मदीनाबीच्या घरात भाड्यानं ऱ्हाती. त्यात तुमी काय नवीन सांगून राहिले?"

ओट्याभोवती दहा-पंधरा माणसे जमली होती. सगळ्यांची नजर माझ्यावर. साधा भविष्यकाळ झाला, निश्चयाचा झाला, चालू वर्तमान झाला. माझ्या मराठीत आता एकही रूप शिल्लक नव्हते जे या बाईंना पुरेसे वाटेल. ऊन डोक्यावर होते. वैताग आला होता, त्यांचा, माझा, सगळ्या क्रियापदांचा. आणि त्या वैतागातच मी मोठ्याने ओरडलो, "अहो बाई, राहून राहिली ती! इथंच राहून राहिली!"

कातर थांबली. सत्यभामाबाईंनी वर बघितले.

"राहून राहिल्या?"

"राहून राहिली."

"तुमी बाप हाव न तिचे?"

"व्हय," मी म्हटले. हा शब्द कसा आला माहीत नाही.

"असं सांगा की मंग सरळ," त्या म्हणाल्या, आणि भुजंगकडे वळल्या. "उद्या सोडा मेंढरं."

जीपमध्ये बसल्यावर फकीर म्हणाला, "एकदम बराबर बोलले काका." अर्धा रस्ता गेल्यावर मला कळले की मी काय करून बसलो. दहा तारखेसाठी म्हणून आलो होतो आणि पंधरा साक्षीदारांसमोर मुलगी देऊन मोकळा झालो, तीही चुकीच्या व्याकरणात. डोळ्यांत पाणी आले. फकीरने पुढचा सगळा रस्ता डावीकडच्या आरशात बघितले नाही, एवढे सभ्य वागायला त्याला कोणी शिकवले कोण जाणे.

९ एप्रिल, बुधवार

तीनशे सत्तर. शेवटी मोजणे माझ्याकडे आले, कारण ‘आकड्यात चुकायचे नाहीत’ असे प्रियंकाने सगळ्यांना सांगितले. सुई दिलेल्या मेंढीच्या पाठीवर जांभळ्या रंगाची रेघ ओढायची, हे माझे काम. एका एडक्याने मला ढुशी देऊन चिंचेच्या बुंध्यावर बसवले. अख्खी वाडी हसली. सत्यभामाबाईंनी हात देऊन उठवले आणि ताकाचा तांब्या पुढे केला. ताक आंबट होते. प्यायलो.

दोन मेंढ्या दुपारी तापल्या. प्रियंका त्यांच्यापाशी बसून राहिली, त्या उठून चरायला लागेपर्यंत. कोणी तिला बस म्हटले नव्हते.

घरी यायला संध्याकाळ झाली. हात-पाय धुऊन तिने उशीखालची फाइल काढली आणि अर्ज पहिल्यांदा वाचला. मी खिडकीपाशी उभा होतो. मला वाटले फाडेल. ती वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"‘माझे वडील गेल्या सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहेत.’ हे कोण वडील, बाबा?"

"सबळ कारण द्यावं लागतं."

"गाभाऱ्यात दोनदा रांगत उतरलेले? टेकडी चढलेले?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या औंढ्याने." तिने पेन काढले. मी बघतच राहिलो. तिने खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. "उद्या शेवटचा दिवस आहे. पाठवायचा तर पाठवा. मी आले तर नाराजीने येईन, पण येईन. फक्त खरं कारण काय आहे ते मला सांगा. सरकारला नका सांगू."

मी पुष्कळ वाक्ये जुळवली. घर मोठे आहे, तुझे वय झाले, चांगली स्थळे, बढती. त्यातले एकही तोंडातून निघेना.

"तुझी आई गेल्यापासून मी उभ्याने जेवतो," मी म्हटले. "ओट्यापाशी. पातेल्यातच कालवतो. एकट्यासाठी ताट घ्यायला लाज वाटते. बस, एवढंच."

तिने फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी फोनवर रोज विचारते, जेवलात का. तुम्ही म्हणता, जेवलो."

"जेवलो हे खरंच असायचं."

तिने डोळे पुसले, नाक ओढले आणि म्हणाली, "मी येत नाही बाबा. तुम्ही या. ऑपरेशन झालं की इकडे या. मदीनाबींची पुढची खोली रिकामी आहे."

मी म्हटले, नाशिकचे घर आहे, पुस्तके आहेत, पेन्शनची बँक आहे, आणि ही माणसे मला गप्प बसू देत नाहीत. मी हो म्हटलेले नाही. अर्ज मात्र चुलीत घातला. म्हणजे मदीनाबींच्या चुलीत, प्रियंकाकडे गॅस आहे. मदीनाबींनी विचारले कसला कागद. मी म्हटले, त्यात एक चूक होती.

सकाळपासून कोणीच जेवले नव्हते. प्रियंकाने घाईघाईने वांग्याची भाजी टाकली, भाकरी मदीनाबींकडून आल्या. तिने जमिनीवर दोन ताटे मांडली, दोन तांबे ठेवले, आणि आम्ही समोरासमोर बसलो. तिने पहिला घास घेतला आणि उठायला लागली.

"काय झालं?"

"भाजीत मीठ राहिलं, बाबा."

"राहू दे," मी म्हटले. "तू उठू नकोस."